काममा मन लागस नही : नोकरी सोडता येत नाही, मग जीव कशात लावायचा?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

वय ३४. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात नऊ वर्षांपासून डिस्पॅच सांभाळतो. ऑर्डरप्रमाणे माल जुळवायचा, वजनकाट्याची पावती, बीजक, ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना), बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), की गाडी गेटबाहेर. मग पुढची गाडी. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस. मूळ पगार १८ हजार, हातात सगळं मिळून २६ च्या आसपास. घराचा हप्ता चालू, मुलगी दुसरीत, आई-वडील पाचोऱ्याजवळ गावी, तिथे दोन एकर कोरडवाहू कपाशी. तेव्हा नोकरी सोडायचा विषय नाही.

पगार वेळेवर होतो, माणसं वाईट नाहीत. तरी रविवारी दिवेलागणीपासून जीव उदास होतो. आपल्या जागी उद्या दुसरा कोणी बसला तरी गाडी निघेलच, हा विचार डोक्यातून जात नाही. 'आवड जोपासा', 'स्वतःला ओळखा' हे खूप ऐकून झालं. नेमकं काय करायचं ते कोणी सांगेल का? सुरुवात कुठून, आठवड्याला किती वेळ, किती दिवस, आणि कुठे चुकतं?

तापीकाठ

भाऊ, अर्थबिर्थ शोधायच्या आधी एक निवड करून घ्या. 'मन लागत नाही' या एकाच वाक्याखाली तीन वेगळी दुखणी असतात : थकवा, अन्याय आणि कामात अर्थ न दिसणं. औषध तिघांचं वेगळं. थकलेल्या माणसाला नवा छंद दिला तर तो आणखी थकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला आहे. खुणा तीन : अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या लिहिण्यात दुसरी खूण दिसते, पहिली स्पष्ट दिसत नाही.

घरच्या घरी ओळखायचं तर रविवारला जोडून दोन-तीन रजा टाका आणि त्या लग्नाकार्यात घालवू नका, झोपेत घालवा. परत आल्यावर आठवडाभर हलकं वाटलं तर मुख्य दुखणं थकव्याचं. रजा छान गेली, पण पहिल्याच दिवशी पहिल्या तासात तोच दगड छातीवर आला तर दुखणं कामात आहे. आणि रजेतही जेवण, मुलगी, मित्र कशातच गोडी नसेल, झोप मोडत असेल, आणि हे दोन आठवड्यांच्या वर रोजचं झालं असेल, तर हा धागा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

दुखणं कामात आहे असं निघालं तर १४ दिवस नोंद ठेवा. खिशातली वही घ्या, मोबाइल नको, मोबाइल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. चार रकाने : वेळ, काम, कुणासाठी, आणि गुण (उणे २ पासून अधिक २). दिवसातून तीनदा, ११ वाजता, ३ वाजता आणि निघताना, दोन-दोन मिनिटं.

यात हमखास होणाऱ्या चुका दोन. एक, माणूस सगळं रात्री एकदम लिहितो. मग शेवटच्या तासात जे झालं त्याचा रंग अख्ख्या दिवसाला लागतो. साडेसहाला गाडी अडकली की सकाळचं चांगलं कामही उणे होतं. दुसरी, 'डिस्पॅच' असं एकच काम लिहिलं जातं. ते फोडा : माल जुळवणं, हमालांच्या मुकादमाशी बोलणं, ड्रायव्हरचे फोन, ई-वे बिल, परत आलेल्या मालाची तक्रार, नव्या पोराला शिकवणं. फोडल्यावर कळतं की सगळी नोकरी उणे नसते. दोन-तीन कामं खूप उणे असतात आणि एखादं चक्क अधिक असतं, जे आठवड्यातून वीस मिनिटंच वाट्याला येतं. पुढचं सगळं त्या वीस मिनिटांभोवती बांधायचं.

'कुणासाठी' हा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच सोडा. 'कंपनीसाठी' असं भरू नका. रिकाम्या जागाच मोजायच्या आहेत.

सावदेकर

तापीकाठ यांनी शेवटी जो रकाना सांगितला, त्यावरच बोलतो, कारण या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी. काम तेच तेच, नकार जास्त. त्यांच्यातल्या काहींना, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं बोलू दिलं. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्के आणि जमवलेली रक्कम १७१ टक्के वाढलेली. पगार तोच, काम तेच. आपलं काम कुठे जाऊन पोचतं एवढंच त्यांना दिसलं होतं.

आता तुमचा पाइप कुठे जातो ते बघा. रावेर-यावल पट्ट्यात पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी १,७४२ झाडं बसतात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना एका वाढत्या झाडाला ठिबकने दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. मेन लाइन फुटली, शेतकऱ्याने पाइप मागवला, आणि गाडीत ७५ च्या जागी ६३ मिलिमीटरचे कपलर निघाले तर काय होतं? दुकानदार म्हणतो परवा बदलून देतो. ते दोन दिवस बागेला पाणी नाही, पानं करपतात, घड निसवायला आला असेल तर फण्या बारीक राहतात. डिस्पॅचच्या टेबलावरची ती चूक अर्ध्या मिनिटाची असते. तुमच्या जागी कोणीही बसला तरी गाडी निघेल, हे खरं आहे. पण बरोबर माल घेऊन निघेल का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुमच्याच हातात आहे.

हे नुसतं मनाला सांगून भागत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. महिन्याला पाच गाड्या निवडा. माल पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी त्या दुकानदाराला फोन करा, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. माल मोजून बरोबर होता का? तो कुणाच्या शेतात गेला? उतरवताना काय तुटलं? तीन महिन्यांत एकदा, रविवारी सकाळी, त्यातल्या एखाद्या शेतावर जाऊन या. चारीत पाइप टाकताना उभं राहून बघा. जोड कसा बसवतात, कुठे अडतं, सगळं कळतं.

सोबत एक 'चूक वही' ठेवा. तारीख, ऑर्डर नंबर, काय कमी किंवा चुकीचं गेलं, कोणी कळवलं, आणि कुठल्या टप्प्यावर पकडता आलं असतं. दोन महिन्यांत तीच तीच जागा दिसायला लागते. पाइपच्या धंद्यात ती बहुतेक अशी असते : एकाच बाहेरील व्यासाचा ४ किलोचा आणि ६ किलोचा (म्हणजे तेवढा दाब सोसणारा) पाइप लांबून सारखाच दिसतो, फरक भिंतीच्या जाडीत आणि छापलेल्या अक्षरांत. ढिगात पहिल्या पाइपवरचं छापील बघून बाकीचे गृहीत धरले जातात. सहा मीटरच्या नळ्या बंडलाने मोजल्या जातात आणि सुटे पाइप निसटतात. एल्बो, टी, रबर रिंग, सोल्यूशनचे डबे हा बारीक माल शेवटी चढतो, तेव्हा सगळ्यांना घाई असते. म्हणून बारीक माल आधी मोजून, पोत्यावर ऑर्डर नंबर लिहून, ड्रायव्हरच्या केबिनमागे वेगळा ठेवायचा आणि त्याची सही वेगळी घ्यायची.

ई-वे बिलाचंही तसंच. साधारण गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. पिनकोड चुकून अंतर कमी पडलं की मुदत रस्त्यातच संपते. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलाच्या भाग 'ब' मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकावाच लागतो. मुदत वाढवायची सोय ती संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच. रात्री दोनला चेकनाक्यावर अडकलेल्या ड्रायव्हरच्या दृष्टीने तुमच्या कामाला किती किंमत आहे ते त्याला विचारा.

या सगळ्यातून एका पानाची तपासणी यादी तयार होते. ती तुमची. तुम्ही केलेली, तुमच्या अक्षरातली, आणि पुढच्या माणसाला देता येणारी.

पांझराकाठ (धुळे)

सावदेकर दादांचं पटतं, पण एक धोका स्पष्ट लिहायला हवा.

ते जे सांगताहेत त्याला अभ्यासक 'जॉब क्राफ्टिंग' म्हणतात. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये हे मांडलं. त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचा दाखला घेतला होता. हुद्दा तोच, काम तेच, पण काही जण फरशी पुसण्यापुरतं बघत होते आणि काही जण आपण रुग्ण बरा करण्यात हातभार लावतो असं धरून रुग्णाशी, नातेवाइकांशी दोन शब्द बोलत होते. रेझ्नेव्स्की यांच्याच १९९७ च्या अभ्यासात एकाच प्रकारचं कार्यालयीन काम करणाऱ्या २४ जणांमध्ये ते काम 'पोटापाण्याचं', 'बढतीचं' आणि 'मनापासूनचं' मानणारे जवळपास सारखेच निघाले. म्हणजे हुद्द्यावरून सगळं ठरत नाही.

धोका असा की आपल्याकडे हे करताना माणूस कामं वाढवत जातो. चूक वही, फोन, नव्या पोराला शिकवणं, सगळं साडेसहानंतर. चार महिन्यांनी ती जबाबदारी गृहीत धरली जाते, पगार तिथेच, आणि ज्या कामात जीव लागत होता तेच ओझं होतं. म्हणून नियम कडक ठेवा : एक काम उचललं की एक खाली ठेवायचं. ठेवता येत नसेल तर उचलायचं नाही.

साहेबांशी बोलताना मन, अर्थ, समाधान हे शब्द काढू नका. आकडा घेऊन जा. साधारण असं : "साहेब, गेल्या दोन महिन्यांत अमुक गाड्यांत माल कमी-जास्त गेला, परत आणण्याचं भाडं इतकं लागलं. चार आठवडे मी लोडिंगच्या वेळी स्वतः उभा राहून तपासतो. त्या वेळात रोजचा स्टॉक उतारा दुसऱ्याकडे द्या. चार आठवड्यांनी आकडे बघू, फरक नसेल तर जुनं चालू." मुदत ठरवलेली मागणी मान्य व्हायला सोपी जाते, कारण समोरच्याला परत फिरायची वाट असते. सोमवारी सकाळी आणि महिनाअखेरीला हा विषय काढू नये.

आणि जिथे पगार थकतो, शिवीगाळ होते, ओव्हरटाइम बुडवला जातो, तिथे यातलं काही करू नये. तिथे अर्थ शोधणं म्हणजे जखमेवर कापड झाकणं. तुमच्याकडे तसं नाही, पण हा धागा दुसरेही वाचतील.

शिरपूरवाली ताई

नोकरीबाहेरच्या वेळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नोकरीतच सगळा अर्थ मिळाला पाहिजे असा कुठे नियम आहे?

तुमचे दिवसाचे दहा तास आणि जाण्यायेण्याचा वेळ जातो. रोज रात्री एक तास काढेन असं ठरवू नका, तिसऱ्या दिवशी मोडेल. आठवड्याला तीन तास पुष्कळ झाले : रविवारी सकाळी ७ ते ९, आणि बुधवारी रात्री जेवणानंतर एक तास. वेळ आणि जागा आधी ठरलेली हवी, 'जमेल तेव्हा' कधीच जमत नाही. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. तेव्हा महिन्याभरात रुळलं नाही म्हणून सोडायचं नाही.

काम निवडताना ते चार वर्तुळांचं 'इकिगाई' (जपानीत जगण्याचं कारण) चित्र काढत बसू नका. ते चित्र मूळचं जपानी नाहीच, २०१४ मध्ये एका इंग्रजी ब्लॉगलेखकाने जोडलेलं आहे. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा हे चारही एका जागी मिळेपर्यंत थांबलात तर थांबूनच राहाल. मी तीनच गोष्टी बघायला सांगेन : त्या कामाची कोणीतरी वाट बघतंय का, आठ आठवड्यांत हातात धरता येईल असं काही तयार होईल का, आणि पाचशे रुपयांत सुरू होईल का.

तुमच्यासाठी एक सुचतं. पाचोरा भागात श्रावणात कानबाई (खानदेशातली देवी) बसते. रोट, रात्रभरची गाणी, सकाळी विसर्जन. ती गाणी साठीच्या पुढच्या बायकांना पाठ आहेत, त्यांच्या सुनांना निम्मी येतात आणि नातींना चाल तेवढी आठवते. आई गावी आहे, म्हणजे दार उघडंच आहे. मोबाइल विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचं वय, गाणं कोणाकडून शिकली ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. ऐकवायची, लोकांना द्यायची परवानगीही तिथेच आवाजात घ्या. एक गाणं, एक फाइल. त्याच रात्री दुसऱ्या जागी प्रत काढा, मोबाइल बिघडला की सगळं जातं.

लिहून काढायला दहा मिनिटांच्या गाण्याला तासभर धरा, सुरुवातीला जास्तच. इथे मोठी चूक होते ती अहिराणी 'सुधारण्याची'. 'शे' ऐकू आलं तर 'शे'च लिहा, 'आहे' नको. 'घरमा' म्हटलं तर 'घरात' करू नका. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि गाणारीलाच विचारा. अंदाजाने अर्थ लिहिला की तो पुढे खरा म्हणून चालतो. चाळीस गाणी झाली की छापील प्रत काढून प्रत्येक गाणारीच्या हातात एक द्या, आणि एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे घेऊन जा. १९२७ पासून ही संस्था जुने कागद सांभाळते आहे, तिथली माणसं अशा संग्रहाकडे कसं बघतात ते कळेल.

गाण्यांत जीव रमत नसेल तर गावच्या शेताकडे बघा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने राखलेलं जंगल जाऊन पाहता येतं. चैत्राम पवारांना त्या कामासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीत चराई थांबवून गवत राखल्यावर माळ कसा बदलला तेही बघण्यासारखं आहे. दोन एकरांच्या उताराला आडवे बांध घालणं हे आठ रविवारांचं काम आहे.

फक्त एक करू नका. पहिलं वर्षभर यातून पैसे काढायला जाऊ नका. हप्ता चालू असताना कोंबड्यांचं शेड किंवा नाश्त्याची गाडी कर्जावर उभी केली की जी जागा मोकळी होती तिथेही महिनाअखेर येऊन बसते.

हिशोबी

थोडक्यात पैशाचं, कारण 'सोडताच येत नाही' हे वाटणंच निम्मं ओझं असतं. आकडे कागदावर आले की ते जरा उतरतं.

ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) : मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. भत्ता वेगळा नसेल तर १८,००० वर वर्षाला १०,३८५ होतात, नऊ वर्षांचे ९३,४६० च्या आसपास. पाच वर्षं सलग झालेली आहेत, म्हणजे राजीनामा दिला तरी हक्क आहे.

भविष्यनिर्वाह निधी काढू नका, नोकरी बदलली तर त्याच यूएएनवर (निधीच्या कायम खाते क्रमांकावर) वळवा. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची नऊ झाली आहेत. मधेच पेन्शनचा भाग काढला तर ती वर्षं गेली. वळवून घेतलीत तर पुढच्या नोकरीत मोजली जातात.

सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, वेगळ्या खात्यात टाकायला लागा. महिना दोन हजार जमले तरी चालेल. आज सोडायची नाहीच, पण दार कुठे आहे ते माहीत असलेला माणूस खोलीत निवांत बसतो.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. वही आज घेतली. सावदेकर दादा, एक शंका. दुकानदारांशी आमचं बोलणं फक्त तक्रारीपुरतं होतं. मी फोन केला की त्यांना वाटतं पैसे मागायला केला, आणि ते दोन शब्दांत कापतात. शिवाय सेल्सवाल्याला वाटेल मी त्याच्या गिऱ्हाइकात शिरतोय. आणि शिरपूरच्या ताई, आई मोबाइलसमोर गायला लाजते, त्याचं काय करावं?

सावदेकर

सेल्सवाल्याला आधी सांगा, त्याच्यासमोरच पहिला फोन लावा. त्याच्या तक्रारी कमी होणार आहेत, तो अडवणार नाही. सकाळी १० ते १२ दुकानावर गर्दी असते, तेव्हा नको. दुपारी अडीच ते चार बरी. पहिल्याच वाक्यात "वसुलीचा फोन नाही" असं म्हणा. ते तीन प्रश्न नंतरच्या फोनला विचारा. पहिल्या फोनला एकच : मागच्या गाडीत काय कमी निघालं?

शिरपूरवाली ताई

एकटीला बसवू नका, लाजणारच. शेजारच्या दोघी-तिघींना बोलवा, दळण निवडताना किंवा शेंगा फोडताना. मोबाइल आधीच लावून ठेवलाय हे सांगून ठेवा, लपवू नका. पहिली दहा मिनिटं गप्पाच होतील, त्या होऊ द्या. एखादीने चुकीची ओळ म्हटली की दुसरी लगेच टोकते, "तसं नही वं, असं शे." तिथून गाणं सुरू होतं.